पगार त्यांचा, माफी आपली

आयपीएल सुरू झाली की व्हॉट्सअॅपवर दरवर्षी एक गणित फिरतं. २०२५ मध्ये ते असं होतं : ऋषभ पंतला लखनऊनं २७ कोटींना घेतलं, त्यानं हंगामात २६९ धावा केल्या, म्हणजे एका धावेला दहा लाख रुपये. खाली हसून लोळणारे इमोजी. त्याखाली कुणीतरी एमआयडीसीतल्या बारा तासांच्या शिफ्टचा पगार टाकतं. मग मैदानावरच्या एखाद्या भांडणाची क्लिप येते आणि ठरलेलं वाक्य पडतं : "एवढा पैसा फुकट मिळाला की माज येणारच."

मला या वाक्याशी भांडायचं आहे. क्रिकेटपटू माजत नाहीत, असं माझं म्हणणं नाही. माजतात. काही तर लाजिरवाणं वागतात. पण या वाक्यात दोन दावे एकात एक गुंडाळलेत : पैसा फार मिळतो आणि पैशामुळे माज येतो. दोन्ही दावे तपासले तर खेळाडू सोडून इतरच माणसं समोर यायला लागतात. त्या माणसांना या वाक्यामुळे आयती लपायला जागा मिळते, म्हणून ते मला डाचतं.

आधी दुसरा दावा बघू, कारण तो तपासायला सोपा आहे. पैसा हे कारण असेल, तर पैसा नव्हता तेव्हा माजही नसायला हवा.

१९८३ ला आपण वर्ल्डकप जिंकलो तेव्हा खेळाडूंना बक्षीस द्यायला बोर्डाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येकी एक लाख रुपये दिले गेले. हे झालं जगज्जेत्यांचं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८१ च्या फेब्रुवारीत, मेलबर्नला सुनील गावसकर पायचीत दिल्यावर भडकले आणि नॉन-स्ट्रायकर चेतन चौहानला घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेवर मॅनेजरनं चौहानना अडवलं नसतं, तर भारतानं ती कसोटी घालवली असती. १९९१ च्या जानेवारीत जमशेदपूरला दुलीप करंडकाच्या फायनलमध्ये रशीद पटेल स्टंप उपटून रमण लांबांच्या अंगावर धावून गेला. तेव्हाच्या देशांतर्गत क्रिकेटच्या मानधनात कुणी बंगला बांधत नव्हतं.

क्रिकेटच कशाला? २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. उपांत्य फेरीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट दिल्यावर शिवराज राक्षेनं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. फायनलमध्ये महेंद्र गायकवाडनं पंचांशी वाद घालून मैदान सोडलं. कुस्तीत किती पैसा आहे ते तालमीत पोर पाठवलेल्या कुठल्याही बापाला विचारा. खुराकाचा खर्च काढता काढता घर कर्जात जातं.

म्हणजे हिशोब जुळत नाही. पैसा नसताना माज होता, पैसा नाही तिथं आजही आहे.

आता पहिला दावा. पैसा फार मिळतो. फार म्हणजे कुणाच्या तुलनेत?

आमच्या कुंभवलीतून तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाणाऱ्या माणसाच्या तुलनेत फारच. त्यात वाद नाही. पण त्या माणसाच्या तुलनेत माझाही पगार फार आहे. मी दिवसभर एसीत बसून कीबोर्ड बडवतो; तो केमिकलच्या प्लांटमध्ये रिअॅक्टरशेजारी उभा राहतो. माझा पगार अर्धा केला तर उरलेला अर्धा त्याला मिळेल का? नाही, तो कंपनीच्या नफ्यात जाईल. म्हणून "किती मिळतो" याच्याबरोबर "कशातून किती मिळतो" हाही प्रश्न विचारावा लागतो.

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, ४१० सामन्यांच्या हिशोबानं. भागाकार करा : सामन्याला ११८ कोटी. दोन्ही डाव मिळून २४० चेंडू धरले तर एका चेंडूला साधारण ४९ लाख. पंतच्या एका धावेचा भाव व्हॉट्सअॅपवर फिरला. चेंडूचा हा भाव कुणी फिरवल्याचं मी पाहिलेलं नाही.

पुढे चला. २०२५ मध्ये ७४ सामने होते, म्हणजे फक्त प्रसारणाचे साधारण ८,७०० कोटी. त्या वर्षी एका संघाला खेळाडूंवर, लिलाव, मॅच फी आणि कामगिरीचा मोबदला सगळं धरून, जास्तीत जास्त १४६ कोटी खर्च करता येत होते. दहा संघांचे १,४६० कोटी. म्हणजे टीव्ही-मोबाइलवरून आलेल्या शंभर रुपयांतले सतरासुद्धा खेळाडूंच्या वाट्याला येत नाहीत. तिकीट, जर्सीवरच्या जाहिराती, प्रायोजक हे मी धरलेलंच नाही. ते धरलं तर टक्का आणखी खाली जाईल. अमेरिकेत एनबीएमध्ये बास्केटबॉलच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो, कारण तिथं खेळाडूंची युनियन आहे आणि ती करार करते. आपल्याकडे २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली, पण ती निवृत्तांची. आज खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची युनियन या देशात नाही. अब्जावधींच्या धंद्यातले हे कामगार आहेत आणि पगाराची वरची मर्यादा मालक ठरवतात.

उरलेले त्र्याऐंशी रुपये कुठे जातात, हे विचारायला कुणी इमोजी टाकत नाही. फ्रँचायझीच्या मालकांकडे जातात आणि बीसीसीआयकडे जातात. बीसीसीआय ही कागदोपत्री सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे. आयपीएलसारखा धंदा करूनही तिला धर्मादाय संस्थेची प्राप्तिकर सवलत मिळावी, असा निकाल २०२१ मध्ये प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणानं दिला. पंत त्याच्या २७ कोटींवर कर भरतो. ज्यांना कोटींचा राग येतो, त्यांनी राग या दोन ओळींत नीट वाटून घ्यावा.

आणि हे कोटी कायमचेही नसतात. पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर आमच्या भागाचा अभिमान. तारापूर विद्या मंदिराकडून खेळताना तो दिनेश लाड सरांच्या नजरेत भरला आणि बोरिवलीत त्यांच्या घरी राहून पुढे गेला. गॅबाची ती ६७ धावांची खेळी आमच्याकडे लोकांना पाठ आहे. त्याचे आयपीएलचे भाव बघा : २०२२ ला १० कोटी ७५ लाख, २०२४ साठी ४ कोटी, २०२५ च्या लिलावात कुणीच घेतलं नाही. मग कुणीतरी जखमी झाला म्हणून २ कोटींना बदली खेळाडू. तीन वर्षांत हा प्रवास. आमच्या आयटीत दोन महिने बेंचवर बसलं तरी माणसाची झोप उडते. इथं भर टीव्हीवर हातोडा वाजतो आणि तुम्ही "अनसोल्ड" असता.

मग माज येतो कुठून? माझं उत्तर : माजाचं दरपत्रक छापलेलं आहे म्हणून. दर काही जणांना फार स्वस्त पडतो.

२०२५ च्या हंगामात दिग्वेश राठी नावाचा लेगस्पिनर आला. किंमत ३० लाख. बळी घेतला की फलंदाजासमोर हातावर वहीत नाव लिहिल्यासारखं करायचा. पहिल्यांदा मॅच फीच्या २५ टक्के दंड, मग ५० टक्के, मग अभिषेक शर्माशी जुंपल्यावर पुन्हा ५० टक्के आणि एका सामन्याची बंदी. मॅच फी साडेसात लाख. तिन्ही दंड मिळून ९ लाख ३७ हजार ५००. ३० लाखांच्या पोराच्या किमतीतले जवळजवळ एक तृतीयांश पैसे गेले.

आता हाच नियम २७ कोटीवाल्याला लावा. त्याची मॅच फी पण साडेसातच लाख, कारण ती सगळ्यांना सारखी. त्यानं काहीही केलं आणि शंभर टक्के मॅच फी कापली, तरी करारातला पाव टक्क्याहून किंचित जास्त भाग गेला. महिन्याला पन्नास हजार कमावणाऱ्यानं वर्षातून एकदा दीड हजाराचं चलन भरावं, तेवढं. त्यानं कुणाचं वागणं सुधारतं का, ते बोईसर-चिल्हार रस्त्यावर उभं राहून बघा.

कोड लिहिणाऱ्याला हे पटकन दिसतं. ज्या नियमात वरच्याला काहीच लागत नाही आणि खालचा एक तृतीयांश कापला जातो, तो नियम बिघडलेला नाही. तो ज्याच्यासाठी लिहिला त्याच्यासाठी व्यवस्थित चालतोय. स्टार मैदानात दिसला पाहिजे, ही त्याची पहिली अट आहे. १ मे २०२३ ला लखनऊमध्ये विराट कोहली आणि गौतम गंभीर भिडले. दोघांची शंभर टक्के मॅच फी कापली, नवीन-उल-हकची पन्नास टक्के. कोहली ६ मेच्या पुढच्याच सामन्यात खेळला, अर्धशतकही केलं. भांडणाची क्लिप तर वर्षभर खेळली. पुढच्या वर्षी दोघांनी मिठी मारली, त्याचीही बातमी झाली आणि लोकांचा मसाला संपला म्हणून ते निराश झाले, असं कोहलीनंच म्हटलं. खरं बोलला. भांडण हा या मालाचाच भाग आहे. दंड म्हणजे त्या मालावरचा किरकोळ कर.

आम्हा कुंभवलीकरांना हे गणित क्रिकेटमधून शिकावं लागलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सगळ्यात प्रदूषित ठरलं. खाडीतली मासळी गेली म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादात जावं लागलं, तेव्हा कुठे कारखान्यांनी भरपाई द्यावी असे आदेश निघाले. त्याआधीची आणि नंतरचीही पद्धत साधी आहे : सांडपाण्यावर प्रक्रिया करायला लागतात त्यापेक्षा पकडलं गेल्यावर भरायचे पैसे कमी असतील, तर नाल्यात सोडणं हा शहाणपणा ठरतो. दंड परवडायला लागला की त्याचं भाडं होतं. नाल्याला लागू असलेला हा नियम मैदानाला लागू नसेल असं समजायचं कारण नाही.

दंड परवडतो तिथं काय होतं ते पाहिलं. परवडत नाही तिथं काय होतं? राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. लाथ मारणाऱ्याला बंदी व्हायलाच हवी, माझं दुमत नाही. पण पैलवानाची तीन वर्षं म्हणजे त्याची अर्धी कारकीर्द. त्याच्यामागे ब्रँड नाही, प्रक्षेपक नाही, म्हणून नियम त्याच्यावर पूर्ण ताकदीनं चालला.

२०१३ चं स्पॉट-फिक्सिंग आठवा. श्रीशांत, अजित चंडीला आणि मुंबईचा अंकित चव्हाण पकडले गेले. बोर्डानं आजन्म बंदी घातली. २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं आरोपातून मुक्त केलं तरी बोर्डाची बंदी उठली नाही. चव्हाणची कमी होऊन सात वर्षांवर यायला २०२१ उजाडलं. तोवर त्याचं खेळायचं वय गेलं होतं. त्याच प्रकरणाच्या चौकशीत चेन्नईचा गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थानचा राज कुंद्रा यांचं बेटिंग सिद्ध झालं. लोढा समितीनं त्या दोघांवर आजन्म आणि दोन्ही फ्रँचायझींवर दोन वर्षांची बंदी घातली. दोन वर्षं संपली, २०१८ ला दोन्ही संघ परत आले आणि चेन्नईनं त्याच वर्षी करंडक उचलला. आपण पिवळे झेंडे घेऊन नाचलो. खेळाडू सात वर्षं बाहेर, फ्रँचायझी दोन. आणि माजलेलं कोण, तर खेळाडू.

इथंवर मालक आणि बोर्ड झालं. आता आपण.

जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पांड्या एका टीव्ही शोमध्ये बायकांबद्दल जे बोलला, ते घरात आईसमोर लावता आलं नसतं. शेजारी के. एल. राहुल बसला होता. दोघांना दौऱ्यावरून परत बोलावलं, दोन आठवड्यांत बंदी उठली, नंतर वीस-वीस लाखांचा दंड झाला. ते पैसे शहीद जवानांच्या कुटुंबांना आणि अंध क्रिकेटला गेले, चांगलं झालं. ज्यांच्याबद्दल बोलला त्या बायकांशी या दंडाचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही. असो. तेव्हा वानखेडेनं त्याची हुर्यो उडवली का? नाही. वानखेडेनं त्याची हुर्यो उडवली १ एप्रिल २०२४ ला, कारण तो रोहित शर्माच्या जागी कॅप्टन झाला होता. संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणावं लागलं. तीन महिन्यांनी, ४ जुलैला, वर्ल्डकप घेऊन आला तेव्हा त्याच वानखेडेवर "हार्दिक, हार्दिक". म्हणजे आपल्या कोर्टात बायकांचा अपमान हा गुन्हा नाही, आपल्या आवडत्या माणसाची खुर्ची घेणं हा गुन्हा आहे, आणि शेवटच्या ओव्हरची विकेट ही पूर्ण माफी आहे.

विरारच्या पृथ्वी शॉकडे याच नजरेतून बघा. माहीम आणि विरार, दोन्ही आता पालघर जिल्ह्यात. आमच्याकडे घरोघरी त्या दोघांची गोष्ट धड्यासारखी सांगतात : शार्दूल बघ, अजून जमिनीवर आहे, पृथ्वी बघ, पैशानं वाया गेला. चौदाव्या वर्षी, २०१३ ला, त्यानं हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या आणि मोठ्या माणसांनी त्याला दुसरा सचिन करून टाकलं. अठराव्या वर्षी १९ वर्षांखालचा वर्ल्डकप जिंकलेला कॅप्टन, त्याच वर्षी पदार्पणाच्या कसोटीत शतक. २०१९ ला खोकल्याच्या औषधातल्या बंदी असलेल्या घटकामुळे आठ महिन्यांची बंदी. मग वजन, फिटनेस, रात्रीची जागरणं यांच्या बातम्या. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेच्या एका अधिकाऱ्यानं नाव न सांगता वृत्तसंस्थेला सांगितलं की शॉला लपवावं लागायचं, आम्ही दहा जणांनी फील्डिंग करत होतो.

यातलं सगळं खरं धरू. तरी नाव न सांगणाऱ्या त्या अधिकाऱ्याला माझा प्रश्न आहे : पोरगा अकरा वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर होता. धावा होत होत्या तेव्हा हे कुणाला दिसलं नाही? ऑक्टोबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राकडून सराव सामना खेळताना १८१ वर बाद झाल्यावर त्याची मुंबईच्या मुशीर खानशी जुंपली. सगळीकडे "हा सुधारणार नाही". महिन्याच्या अखेरीला चंडीगडविरुद्ध रणजीत २२२ ठोकले. सगळीकडे "वाघ परत आला". वागणूक तीच, माणूस तोच, फक्त स्कोअर बदलला. त्याला आपण काय शिकवलं? वागणं कसंही चालेल, फॉर्म सांभाळ.

विनोद कांबळीला आपण हेच शिकवलं होतं. १९८८ ची ती ६६४ ची भागीदारी, १९९३ मध्ये लागोपाठ दोन द्विशतकं, १७ कसोटींत ५४ ची सरासरी. आणि २०२२ मध्ये बोर्डाचं तीस हजारांचं पेन्शन हेच उत्पन्न, असं त्याला जाहीर सांगावं लागलं. त्याच्या पडझडीला आयपीएलचे कोटी कारण नव्हते, कारण ते कधी त्याच्यापर्यंत आलेच नाहीत. डिसेंबर २०२४ ला आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात सचिनचा हात न सोडणारा कांबळी आपण लाखो वेळा फॉरवर्ड केला, "शिस्त नसेल तर असं होतं" अशी कॅप्शन टाकून. आजारी माणूस आपल्याला सुविचारासाठी कामी आला.

कुणी म्हणेल, मग खेळाडूंची काहीच जबाबदारी नाही का? आहे, आणि ती मला आजच्यापेक्षा महाग हवी आहे. दंड मॅच फीवर नको, वर्षभराच्या करारावर हवा. ३० लाखवाल्याला आणि २७ कोटीवाल्याला सारखाच चटका बसेल असा. दुसऱ्या वेळेला दंड नकोच, थेट सामन्याची बंदी, मग तो कुणीही असो आणि प्लेऑफ असो नाहीतर फायनल. संघानं खेळाडूचा दंड भरायचा नाही. प्रत्येक निर्णय कारणासह जाहीर करायचा, नाव न सांगणारे अधिकारी बंद. आणि खेळणाऱ्यांची युनियन हवी, म्हणजे पगारापासून शिक्षेपर्यंत सगळं टेबलावर ठरेल. सतराव्या-अठराव्या वर्षी करोडपती झालेल्या पोरासाठी समुपदेशक, आर्थिक सल्लागार या गोष्टी तिथूनच येतील. एका सामन्याला ११८ कोटी घेणाऱ्यांना हे परवडतं.

स्टार खेळाडू एका सामन्याला मुकला तर प्रक्षेपक ओरडेल, मालक ओरडेल, आपणही ओरडू. ओरडू द्या. आमच्या क्षेत्रातही असे स्टार असतात. मी काम केलेल्या एका कंपनीत ज्युनियर मुलींना मीटिंगमध्ये रडवणारा एक सीनियर होता. त्याच्याशिवाय रिलीज होणार नाही, म्हणून प्रत्येक तक्रार मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये जायची. त्याचा पगार कमी केला असता तर तो सज्जन झाला नसता. त्याच्याशिवाय एक रिलीज पुढे ढकलायची तयारी कुणी दाखवली असती, तर कदाचित झाला असता.

आणि ही तयारी वानखेडेपासून सुरू होत नाही. बोईसर, पालघर, डहाणू, कुठल्याही गावात हिवाळ्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट चालतात. तिथं पंधरा वर्षांचा पोरगा वाइड दिला नाही म्हणून अंपायरला आईवरून शिवी घालतो. त्याला कुणी २७ कोटी दिलेले नसतात. बूटसुद्धा मित्राचे असतात. सगळे ऐकतात, दोघं-तिघं हसतात आणि कॅप्टन त्याला पुढची ओव्हर देतो, कारण यॉर्कर तोच टाकतो आणि संध्याकाळी फायनल आहे.

त्या पोराला तिथंच बाहेर बसवा. फायनल हरली तर हरली.